संघाची गरज आणि खेळाडूचा गुण

प्रो कबड्डी लीगचा लिलाव पार पडला की नारायणगाव, मंचर, ओतूर, घोडेगाव या परिसरात पुढचे आठ-पंधरा दिवस एक जुनाच वाद नव्याने रंगतो. ‘पुणेरी पलटण’ने अमुक खेळाडू का घेतला आणि तमुक का सोडला, हा त्या वादाचा विषय. वाद घालणारांत शिक्षक असतात, कचेरीतले कारकून असतात, महाविद्यालयीन विद्यार्थी तर असतातच. आणि त्यांचे दोन तट पडलेले असतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, संघात जी जागा रिकामी आहे ती आधी भरावी. डावा कोपरा उघडा पडला असेल तर डावा कोपरारक्षकच घ्यावा, मग समोर त्याहून मोठा चढाईपटू स्वस्तात मिळत असला तरी तिकडे पाहू नये. दुसरा पक्ष म्हणतो, जो सर्वांत गुणी असेल तो प्रथम पदरात पाडून घ्यावा. त्याला उभे कोठे करायचे हे मागाहून ठरवता येते. दोन्ही पक्षांकडे दाखले आहेत, आणि दोन्ही पक्षांना आपापले दाखलेच तेवढे आठवतात.

हा वाद केवळ करमणुकीपुरता असता तर त्यावर या पानावर लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु कोट्यवधींच्या लिलावात वापरली जाणारी ‘संघाची गरज’ ही भाषा आता जुन्नर-आंबेगावातल्या शाळांच्या आणि तरुण मंडळांच्या संघनिवडीत बिनदिक्कत वापरली जाऊ लागली आहे. लिलावात ती कितपत खरी आहे आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती वापरण्याचा अधिकार कोणाला आहे, हे दोन प्रश्न वेगळे आहेत. दुसरा अधिक महत्त्वाचा. पण पहिल्याचा निकाल लावल्यावाचून त्याच्याकडे जाता येणार नाही.

मूळ प्रश्न कबड्डीने जन्माला घातलेला नाही. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये (हा फुटबॉल म्हणजे आपला पायांनी खेळण्याचा नव्हे, अंडाकृती चेंडू हाती घेऊन धावण्याचा) १९३६ सालापासून महाविद्यालयीन खेळाडूंची दरवर्षी वाटणी होते. गेल्या हंगामात जो संघ तळाला राहिला त्याला पहिल्या निवडीचा मान, आणि मग चढत्या क्रमाने इतरांना. हेतू असा की दुबळा संघ कायम दुबळा राहू नये. पहिल्या वर्षी पहिली निवड झाली ती जे बर्वँगर या खेळाडूची, आणि हे गृहस्थ व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळले नाहीत! निवडणाऱ्याला जशी गरज असते तशी निवडल्या जाणाऱ्यालाही असते, ही गोष्ट या पद्धतीने आरंभीच दाखवून दिली, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हापासून आजतागायत त्या देशात ‘गरज की गुण’ हा वाद चालू आहे.

गुणवाद्यांचे दोन दाखले तिकडे वारंवार दिले जातात. २००५ साली ग्रीन बे या संघाकडे ब्रेट फार्व्ह हा नामांकित क्वार्टरबॅक होता. चेंडू फेकून डाव रचणारा हा खेळाडू म्हणजे संघाचा मेंदू, आणि एका वेळी असा एकच मैदानात असतो. म्हणजे ती जागा भरलेली होती. तरीही चोविसाव्या निवडीच्या वेळी ॲरन रॉजर्स हा त्याच जागेचा तरुण शिल्लक आहे असे दिसताच ग्रीन बेने तो घेतला आणि तीन हंगाम जवळजवळ बसवून ठेवला. २०११ सालच्या फेब्रुवारीत त्याच रॉजर्सने त्यांना अजिंक्यपद मिळवून दिले. दुसरा दाखला उलट बाजूचा आणि बास्केटबॉलमधला. १९८४ साली पोर्टलंडला मध्यभागी खेळणारा उंच खेळाडू हवा होता. क्लाइड ड्रेक्सलर हा बगलेवरचा उत्तम खेळाडू त्यांच्याकडे आदल्याच वर्षी आला होता. म्हणून दुसऱ्या निवडीत त्यांनी सॅम बोवी या उंच खेळाडूला घेतले. तिसरी निवड शिकागोची होती. त्यांनी मायकेल जॉर्डनला घेतले. बोवी सामान्य खेळाडू नव्हता, दुखापतींनी त्याची कारकीर्द खुंटली; पण गरजेकडे पाहून गुणाकडे पाठ फिरवल्याचे उदाहरण म्हणून पोर्टलंडचे नाव कायमचे लागले ते लागलेच.

आपल्या फुटबॉलनेही हा प्रयोग करून पाहिला. २३ जुलै २०१७ रोजी मुंबईत इंडियन सुपर लीगसाठी भारतीय खेळाडूंची अशीच वाटणी झाली. जमशेदपूरचा संघ नव्याने उभा राहत होता; त्याने पहिल्या निवडीत अनस एडाथोडिका हा बचावपटू १ कोटी १० लाखांना घेतला. नवा संसार मांडणाराला सगळ्याच भांड्यांची गरज असते, त्यामुळे तेथे गरज आणि गुण यांत भांडण नव्हतेच. बालेवाडीत खेळणारा पुण्याचा फुटबॉल संघ तर पुढे २०१९ साली बंदच पडला. आपल्याकडे हा वाद खऱ्या अर्थाने जिवंत आहे तो कबड्डीत.

कबड्डीचा लिलाव अमेरिकी वाटणीहून वेगळा. येथे दुबळ्याला अग्रमान नाही. सर्वांच्या खर्चाची मर्यादा सारखी, आणि त्या मर्यादेत ज्याने त्याने बोली लावायची. २० मे २०१४ रोजी पहिला लिलाव झाला तेव्हा सर्वाधिक किंमत आली ती राकेशकुमारला, पाटणा संघाकडून, १२ लाख ८० हजार रुपये. २०२३ सालच्या ऑक्टोबरात तेलुगू टायटन्सने पवन सेहरावत या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. संघासाठी एकूण मर्यादा होती ५ कोटींची. म्हणजे अर्ध्याहून अधिक पैसा एका माणसावर! पवन त्या वेळी देशातला पहिल्या प्रतीचा चढाईपटू होता यात शंका नाही, तेव्हा ही खरेदी गुणवाद्यांच्या मताप्रमाणेच झाली असे म्हणावे लागेल. हंगामाअखेर टायटन्स बारा संघांत बारावे होते. २२ सामन्यांत त्यांना २ विजय मिळाले. चढाईपटू एकटा जातो, पण तो बाद होऊन बाहेर बसला की त्याला पुन्हा मैदानात आणण्यासाठी कोणीतरी पकड करावी लागते. ही पकड करणारी माणसे विकत घ्यायला टायटन्सपाशी पुरेसा पैसा उरला नव्हता.

त्याच लिलावात पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख खर्चून इराणचा मोहम्मदरझा शादलू घेतला. हा डाव्या कोपऱ्याचा खेळाडू. आदल्या हंगामात त्या जागी पलटणकडे फझल अत्राचली होता, तोही इराणचाच, १ कोटी ३८ लाखांना घेतलेला. त्याच्यासह पलटण २०२२ च्या डिसेंबरात अंतिम सामन्यापर्यंत पोहोचली आणि जयपूरकडून ३३-२९ अशी हरली. फझल गेला, कोपरा मोकळा झाला, तो शादलूने भरला, आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरयाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून पलटणने आपले पहिले अजिंक्यपद पटकावले. गरजवाद्यांना याहून मोठा दाखला कोणता हवा? एकाने नाव घेतले आणि बुडाला; दुसऱ्याने जागा भरली आणि तरला.

प्रस्तुत लेखकाला मात्र हा निष्कर्ष उतावीळपणाचा वाटतो. भिंत कोणी बांधली हे न पाहता शेवटचा चिरा बसवणाराचे कौतुक करण्यासारखे ते आहे. पलटणचा एक कोपरा रिकामा होता, याचा अर्थ बाकीचा संघ उभा होता. तो कसा उभा राहिला? २०२१-२२ च्या हंगामात पलटणने राहुल चौधरी आणि नितीन तोमर हे दोन गाजलेले चढाईपटू घेतले होते. पंकज मोहितेही होता. चढाईपटूंची त्या संघाला मुळीच वाण नव्हती. गरजेच्या हिशेबाने पाहिले तर अस्लम इनामदार या कोवळ्या चढाईपटूला तेथे जागाच नव्हती. तरी तो होता, मोहित गोयतही होता. आणि हंगाम पुढे सरकला तसे नावाजलेले मागे पडले व ही पोरे पुढे आली. हाच अस्लम, आपल्या जुन्नरला लागून असलेल्या अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातला, दोन वर्षांनी अजिंक्य संघाचा कर्णधार होता आणि त्या हंगामातला सर्वांत मौल्यवान खेळाडूही तोच ठरला. त्याला घेतले तेव्हा त्याच्यासाठी रिकामी जागा नव्हती. गुण होता एवढेच.

२०२२ च्याच हंगामातली आणखी एक हकिकत सांगण्यासारखी आहे. तमिळ थलाइवाज या संघाने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. त्याच्या भोवती सगळा संघ रचलेला, आणि पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावून तो हंगामाला मुकला. गरजेच्या शास्त्राप्रमाणे त्या संघाचे दिवाळेच निघायला हवे होते. पण संघात नरेंदर नावाचा नवखा तरुण होता. तो चढाया करू लागला आणि थलाइवाज प्रथमच उपांत्य फेरीत पोहोचले. तेथे त्यांना हरवले ते पलटणने, अवघ्या दोन गुणांनी. आज जी गरज वाटते ती उद्या एका लंगडत्या पावलाने बदलते. आणि बदलली की संघाला तारतो तो, ज्याला आज ‘गरज नाही’ म्हणून कोपऱ्यात बसवलेले असते.

शादलूचीच पुढची वाटचाल पाहावी. २०२४ साली तो २ कोटी ७ लाखांना हरयाणा स्टीलर्सकडे गेला, आणि त्या वर्षी २९ डिसेंबरला आपल्या बालेवाडीतच हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून अजिंक्यपद मिळवले. लागोपाठ दोन हंगामांत दोन वेगळ्या संघांना विजेतेपद! २०२५ साली गुजरातने त्याला २ कोटी २३ लाखांना घेतले, तर गुजरातचा संघ पहिल्या आठांतही आला नाही. माणूस तोच, जागा तीच. हरयाणापाशी त्याच्यावाचून उभा असलेला संघ होता, गुजरातपाशी तो नव्हता. आणि पलटण? २०२४ साली अस्लम दुखापतीने बाहेर बसला आणि पलटण बाद फेरीतही गेली नाही. २०२५ साली तो परतला तर ३१ ऑक्टोबरला दिल्लीविरुद्धच्या अंतिम सामन्यात पलटण ३१-२८ अशी, केवळ तीन गुणांनी हरली. कोट्यवधींचा कोपरारक्षक गेला तरी संघ पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेला.

तेव्हा वादाचा निकाल माझ्या मते असा आहे. संघ उभा करताना गुण पाहावा, उभा राहिलेला संघ पुरा करताना गरज पाहावी. आणि या दोन पायऱ्यांची उलटापालट करू नये. टायटन्सनी गुणी माणूस घेतला ही त्यांची चूक नव्हे. एकच घेतला आणि बाकीच्यांना पैसे उरू दिले नाहीत, ही चूक. गुण पाहणे म्हणजे सर्वांत महाग नाव पाहणे नव्हे. लिलावाच्या दिवशी ज्याची किंमत ठरलेली असते तो गुण सर्वांना दिसलेलाच असतो. किंमत ठरण्यापूर्वी तो ओळखणे, हे निवड करणाराचे खरे काम.

जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला हे सगळे कबड्डीवाचूनही ठाऊक आहे. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत गाड्याला चार बैल जुंपतात आणि पुढे घोडी धावते. अनेकदा चार बैल चार मालकांचे असतात. ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या शर्यती थांबल्या, १६ डिसेंबर २०२१ ला त्यांना पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला, हा इतिहास सर्वांना पाठ आहे. मधली सात-साडेसात वर्षे घाट ओस होते. ज्यांनी या काळातही खोंड जोपासले त्यांचे गाडे परवानगी मिळताच घाटात उतरू शकले, ज्यांनी बैल विकून टाकले त्यांना पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागली. चार बैलांतला एक फार वेगवान आणि त्याचा जोडीदार मंद असला तर गाडा सरळ जात नाही, हे गाडामालक पोराटोरांनाही सांगतील. मागच्या जोडीतला बैल पुढे जुंपला तर बारी बिघडते, हेही सांगतील. हा गरजवाद झाला आणि तो खराच आहे. पण ‘मला यंदा पुढच्या जोडीचाच बैल हवा आहे’ म्हणून दारात आलेला अव्वल खोंड परत पाठवणारा गाडामालक मी तरी पाहिलेला नाही. खोंड आधी दावणीला बांधतात. तो पुढे धावेल की मागे, हे त्याला दोन-चार वेळा जुंपून पाहिल्यावर ठरते. त्याचा खुराक दरम्यान चालूच असतो.

खोंडाला मिळणारी ही सवलत आपल्या शाळकरी मुलांना मात्र मिळत नाही. हा या लेखाचा मुख्य विषय.

शालेय कबड्डी संघात बारा मुले घेतात, सात मैदानात उतरतात. स्पर्धा चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालील गटांत होतात. तालुक्यातून जिल्हा, जिल्ह्यातून विभाग आणि मग राज्य अशी चढण आहे. मंडळांच्या खेळाडूंसाठी संघटनेची वेगळी वाट आहे, ‘जिल्हा अजिंक्यपद व निवड चाचणी’ या नावाची, आणि तेथून जिल्ह्याचा संघ निवडला जातो. या प्रत्येक पायरीवर निवड न झालेल्या मुलाला एक वाक्य हमखास ऐकवले जाते : ‘तू चांगला खेळतोस, पण चढाईपटू आमच्याकडे भरपूर आहेत.’ किंवा त्याची दुसरी तऱ्हा : ‘तुला यायचे असेल तर कोपऱ्यात उभा राहा, आम्हांला कोपरा हवा आहे.’ मुलगा कोपऱ्यात उभा राहतो. घोट्याची पकड शिकतो. त्याच्या अंगात चढाईची चपळाई आहे ही गोष्ट दोन वर्षांनी त्याचा तो विसरतो, आणि शिक्षक तर त्याआधीच विसरलेले असतात.

शरीराचा साधा हिशेब पाहावा. संघटनेच्या किशोर गटात सोळा वर्षांखालील ५५ किलोंपर्यंतची मुले असतात, कुमार गटात वीस वर्षांखालील ७० किलोंपर्यंतची. म्हणजे या चार-पाच वर्षांत मुलाचे शरीर बदलणार हे खुद्द नियमांनीच गृहीत धरले आहे. चौदाव्या वर्षी बुटका, दणकट म्हणून कोपऱ्यात उभा केलेला मुलगा अठराव्या वर्षी वीतभर उंच होऊन लांब हाताचा चढाईपटू होण्याजोगा असतो. तेव्हा काठीसारखा म्हणून नाकारलेला मधल्या फळीत धडक देणारा निघतो. ज्या वयात मुलगा कोण होणार हे त्याच्या आईबापांनाही सांगता येत नाही, त्या वयात त्याची जागा ठरवून टाकणे यात शास्त्र कसले?

येथे क्रीडाशिक्षकांची बाजूही मांडली पाहिजे, कारण दोष सर्वस्वी त्यांचा नाही. शालेय स्पर्धेत जिंकलेला संघच पुढे जातो. हरलेल्या संघातला सर्वोत्तम मुलगा त्या दिवशी संध्याकाळी घरी परततो आणि त्याचे वर्ष संपते. अशा व्यवस्थेत शिक्षकाने बारा चढाईपटू घेऊन जायचे आणि पहिल्याच फेरीत लोण खाऊन परतायचे, अशी अपेक्षा कोण करील? त्याला कोपरा भरावाच लागतो. बहुतेक शाळांत एकच क्रीडाशिक्षक, त्याच्याकडे दुसरे तासही असतात, आणि मैदान म्हणजे पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात फुफाटा. या माणसाला गुणान्वेषणाचे व्याख्यान देणे सोपे आहे. गरज ही काही ठिकाणी रास्तच असते, हे शिक्षकवर्गाला वेगळे सांगायला नको : शाळेत गणिताची जागा रिकामी असताना मराठीचा कितीही विद्वान शिक्षक आला तरी तो नववीचे बीजगणित शिकवू शकत नाही.

परंतु शिक्षकाची नेमणूक शाळेसाठी असते, आणि शाळा मुलांसाठी. हा क्रम व्यावसायिक संघात उलटा असतो. पलटणचा मालक खेळाडू घेतो तो संघ जिंकावा म्हणून; त्यासाठी तो पैसे मोजतो, आणि नको असलेल्या खेळाडूला घेणारे आणखी अकरा संघ बाजारात असतात. शाळेने वगळलेल्या मुलाला दुसरा खरीददार नसतो. शाळेचा संघ हे मुलाला घडवण्याचे साधन आहे, मुलगा संघ घडवण्याचे साधन नव्हे. व्यावसायिक संघाला एका हंगामाचा हिशेब मांडावा लागतो. पाचवीत आलेला मुलगा बारावीपर्यंत आठ वर्षे शाळेच्या हाती असतो. ज्याच्यापाशी आठ वर्षे आहेत त्याने एका हंगामाच्या भाषेत का बोलावे?

वगळण्याचे परिणाम खेळापुरते राहत नाहीत. स्पर्धांतील सहभागावर आणि यशावर दहावी-बारावीचे सवलतीचे गुण अवलंबून आहेत. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि त्याची किल्ली वरच्या पायरीवरच्या प्रमाणपत्रात आहे. पूर्वेकडच्या बागायती गावातल्या मुलाला ऊस आहे, कांदा आहे, टोमॅटो आहे. पश्चिमेकडे, आहुपे किंवा घाटघरच्या बाजूला, भाताचे खाचर आणि हिरड्याचे झाड एवढ्यावर जगणाऱ्या घरातल्या मुलाला ते प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीचा दरवाजा आहे. ‘चढाईपटू भरपूर आहेत’ या तीन शब्दांनी तो दरवाजा लागतो, आणि बोलणाराला त्याची जाणीवही नसते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. गुणाची भाषा सर्वांसमोर तपासता येते. अमक्याने किती चढाया केल्या, किती गुण आणले, किती पकडी केल्या हे मैदानाभोवती उभ्या असलेल्या दोनशे माणसांनी पाहिलेले असते. गरज मात्र फक्त निवड करणारालाच दिसते. म्हणूनच ती भाषा आवडती आहे. आपल्या पुढाऱ्याच्या गावचा मुलगा घ्यायचा असला, देणगीदाराच्या मंडळातला घ्यायचा असला, की संघाला नेमकी त्याच्याच जागेची गरज उत्पन्न होते! कचेऱ्यांत काम करणाऱ्या वाचकांना ही युक्ती अपरिचित नाही. विशिष्ट उमेदवार डोळ्यांपुढे ठेवून अर्हता लिहिलेल्या जाहिराती त्यांनी टंकलिखित केलेल्या आहेत. सगळेच निवड करणारे असे वागतात असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण प्रामाणिक माणसालाही ज्या शब्दाआड कारण सांगण्याचे टाळता येते, तो शब्द जपून वापरायला हवा.

उपाय खर्चिक नाहीत. कबड्डीच्या प्रत्येक अधिकृत सामन्यात गुणलेखक चढाईगणिक नोंद करतो. ही गुणपत्रके निकाल लागला की कोठे जातात? ती तालुक्याच्या क्रीडा संयोजकाने जपून ठेवावीत, आणि निवड यादीबरोबर प्रत्येक मुलाच्या चढायांचे आणि पकडींचे आकडे फलकावर लावावेत. जेथे आकडे कमी असलेला मुलगा घेतला तेथे ‘डावा कोपरा’ किंवा जे असेल ते कारण नावासमोर लिहावे. गरज खरी असेल तर ती लिहायला संकोच वाटण्याचे कारण नाही. पहिल्या फेरीत हरलेल्या संघांतून चार-दोन मुले निवड चाचणीस बोलवावीत. चौदा वर्षांखालील गटात तर जागेचा विचारच करू नये, प्रत्येक मुलाला चढाई आणि पकड दोन्हींची पाळी द्यावी. सामना हरला तर हरला. आश्रमशाळांच्या स्पर्धा आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या वाटेने होतात, आणि घोडेगावला त्यांचे प्रकल्प कार्यालयही आहे. त्या स्पर्धांना जिल्हा निवड समितीचा एक तरी माणूस पाहुणा म्हणून नव्हे, वही-पेन्सिल घेऊन हजर राहिला तर पुष्कळ काम होईल. लीगमधले संघ नवोदितांसाठी स्वतंत्र शोध घेतात, पलटणने ‘युवा पलटण’ उभी केली आहे; ज्यांचा धंदाच गरजेच्या हिशेबावर चालतो त्यांनी गुणांची पेरणी चालू ठेवावी आणि ज्यांना धंदा नाही त्या शाळांनी गरजेचा हिशेब मांडत बसावे, हे चित्र विपरीत आहे.

राहता राहिला चाचणीच्या ठिकाणाचा प्रश्न. जिल्ह्याची चाचणी पुण्यात ठेवली की जुन्नरहून सुमारे ९० किलोमीटर पडतात, आणि घाटमाथ्यावरच्या गावांना त्याहून बरेच अधिक. सकाळी आठला मैदानात हजर राहायचे म्हणजे आदल्या दिवशी निघून पुण्यात रात्रीचा मुक्काम. दोन माणसांचे एस. टी.चे भाडे, मुक्कामाची सोय, आणि बरोबर येणाऱ्या बापाची बुडालेली दोन दिवसांची मजुरी हे सगळे कोणी द्यायचे, याविषयी चाचणीच्या पत्रकात एक ओळही नसते. एक दिवस जुन्नरला आणि एक दिवस घोडेगावला चाचणी ठेवली, तर निवड समितीच्या पाच माणसांना प्रवास करावा लागेल. आज तो पाचशे मुलांना करावा लागतो.